तीन महिने हात लागला नाही, ते भंगार

एकच काम दुसऱ्यांदा करायला लागलं की ज्याचं डोकं फिरतं, असा भिवंडीच्या पंचक्रोशीत एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरी पडला. दाजी राहनाळचे. उमर गेली लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात. पन्नाशीत कॉम्प्युटरचं वेड लागलं. कुठल्याशा गोदामाने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर आणून त्यांनी त्यावर लिनक्स चढवलं, देवघराशेजारी स्टुलावर ठेवला आणि जाहीर केलं, "ह्यो आपला सर्व्हर. घरातली समदी गाणी, व्हिडिओ हितं राहतील. ह्याला बंद करायचा न्हाय." ताई म्हणाली, "देवालासुद्धा रात्री झोपवतात."

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून लूमचं तेलपाणी त्याच दिवशी. सर्व्हरलाही तोच वार. पण इथे दाजींना हात लावायचा नव्हता. महिनाभर खपून त्यांनी अशी सोय केली की दर शुक्रवारी सर्व्हर आपणहून कचरा काढायचा, उरलेल्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा आणि काम झाल्याचा निरोप टाकायचा. कचरा कोणता, याचा नियम त्यांनी कारखान्यातून उचलला होता: तीन महिने हात लागला नाही, ते भंगार. शेजारचा लूमवाला म्हणाला, "चाचा, ऐसा झाडू मेरे घर में भी लगा दो." दाजींनी त्यावर दोन दिवस खरोखर विचार केला.

ताई लग्नांत धवळे, म्हणजे हळदी-लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणायची. दाजींनी ते माईक लावून सर्व्हरवर भरून ठेवले होते आणि ताई दर महिन्याला ते ऐकून स्वतःच्या चुका काढायची. त्यामुळे नियम कधी नडला नाही.

मग ताई गेली. तिचा आवाज ऐकायची घरात कुणाची छाती झाली नाही. वर्षाच्या आत लग्न उरकायची रीत, म्हणून पाचव्या महिन्यात भाचीचं ठरलं. ती एकच म्हणाली, "बाबा, हळदीला आईचेच धवळे लावा."

दाजींनी सर्व्हर उघडला. धवळ्यांच्या जागी काही नव्हतं. दुसऱ्या डिस्कवरही नव्हतं. ती नक्कल हुबेहूबच होती. "मशीनची काय चूक," दाजी मला म्हणाले, "मीच शिकवला त्याला." त्यांचा मला फार राग आला, आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

त्या दिवशी त्यांनी सर्व्हरचे सगळे हुकूम काढून टाकले. मग दापोड्यापासून वज्रेश्वरीपर्यंत नातेवाइकांच्या घरी जाऊन लग्नांच्या, बारशांच्या सीड्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू लागले. एकेक दोनदा. ताईचं गाणं कुठेच सापडलं नाही. कुणी सनई लावलेली, कुणी सिनेमाची गाणी. अखेर माझ्या मुलाच्या बारशाच्या सीडीत, पाळणा संपल्यावर, आतल्या खोलीतून तिचा आवाज आला.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. दाजींनी स्पीकरची वायर स्वतः जोडली.

"चला वो समदे, पानं वाढलीत. निवतील."

इतकंच. ताईच्या नेहमीच्या, जरा वैतागलेल्या आवाजात. मग भाची हळदीच्या अंगाने डोळे पुसत उठली आणि पंगतीत जाऊन बसली, आणि तिच्यामागोमाग आम्ही सगळे मुकाट्याने जेवायला बसलो.