दाजींच्या गाडीची चाकं

ताईचा फोन आला तेव्हा मी टायरच्या दुकानात उभा होतो. शुक्रवार, दुपारचे साडेबारा. काउंटरपलीकडचा माणूस मला शांतपणे, इकडच्या पद्धतीने 'मेट' म्हणत समजावत होता की ही चाकं या गाडीला मागच्या बाजूला चालणारच नाहीत, माणसं बसली की टायर मडगार्डला घासणार. मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो, कारण हुज्जत घालणं मला छान जमतं. तेवढ्यात फोन. ताई म्हणाली, "गेले रे." येतो म्हणालो, फोन ठेवला, आणि त्या माणसाकडे वळून चक्क विचारलं की मग आता यावर उपाय काय... आजही आठवलं की लाज वाटते. घरात माणूस गेला होता आणि मी चाकांवर उपाय विचारत होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. चिंचवडला टूलरूममध्ये हात काळे करून शिकलेले, मग ख्राइस्टचर्चच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरून इकडे आलेले. त्यांच्या मागोमाग मी कॉम्प्युटर शिकायला आलो आणि आठ महिने त्यांच्याच घरी फुकट जेवलो. माझ्या कामाला ते काम मानत नसत. "तुमचं बरं आहे, चुकलं की कंट्रोल-झेड," असं येताजाता ऐकवायचे. २००४ साली त्यांनी ॲशबर्टनकडच्या एका शेडमधून सत्तरच्या दशकातली ऑस्ट्रेलियन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची गाडी ओढून आणली. दोन दारं, लांबलचक नाक, आणि मागच्या सीटवर कोंबड्यांनी थाटलेला संसार. ताईने कपाळाला हात लावला. दाजी मात्र नवी सून घरात आल्यासारखे तिच्याभोवती फिरत होते.

पुढची तीन वर्षं आमचे शनिवार-रविवार त्या गॅरेजमध्ये गेले. इंजिन झालं, पत्रा झाला, गडद नारिंगी रंग झाला. राहिली होती फक्त वरची सजावट आणि चाकं, आणि तिथे गाडं अडलं ते अडलंच. क्रोमच्या पट्टीवर आम्ही दोन महिने भांडलो. चाकांवर तर वर्षभर. मला हवी होती पाच आऱ्यांची रुंद ॲलॉय, वर पांढऱ्या अक्षरांचे जाडजूड टायर. दाजींना गाडीबरोबर आलेल्या मूळच्या पोलादी रिम हव्या होत्या. त्या त्यांनी स्वतः घासून, रंगवून, साधे टायर चढवून कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. तरी माझ्या समाधानासाठी ते पुठ्ठ्याची गोल चाकं कापायचे, गाडीला टेकवायचे आणि ड्राइव्हवेच्या टोकाला खुर्ची टाकून बघत बसायचे. म्हणायचे, "नऊवारीवर स्पोर्ट्स शूज." मी म्हणायचो, दाजी, तुम्ही म्हातारे झालात. हे असं वर्षभर, दर वेळी नव्या उत्साहाने. चाकं ठरेपर्यंत गाडीत बसणार नाही, अर्धवट गाडीत बसायला मी काय तू आहे का, हेही त्यांचंच.

मग मार्चमध्ये पोटात दुखायला लागलं आणि मेमध्ये कळलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, इथे तसंच सांगतात. पण घरी आल्यावर आम्ही आपली आपली पद्धत सुरू केली. त्रास होईल असं काही बोलायचं नाही, काही विचारायचं नाही, सगळं छान चाललंय. दाजी म्हणाले चहात साखर कमी आहे, तर मी म्हणालो हो दाजी. ते म्हणाले पाऊस येईल, तर मी म्हणालो हो दाजी. वर्षानुवर्षं ज्यांच्या प्रत्येक वाक्याला मी आडवा गेलो, त्यांच्याशी एकदम शहाण्यासारखा वागायला लागलो. त्यांनाही ते कळत असणार. त्यांनीही मला चिडवणं सोडलं.

ऑगस्टमध्ये घरी येणारी नर्स म्हणाली, आता महिने नाहीत, आठवडे. मला काहीच करता येत नव्हतं, आणि काहीच न करता मला बसता येत नाही. मी ठरवलं, गाडी पुरी करायची. त्यांना बसवून निदान गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचं. चाकं कुठली, हे विचारणं म्हणजे आता घाई आहे हे कबूल करणं... म्हणून विचारलंच नाही. चोरून मापं घेतली आणि ॲलॉय मागवली. हो, मला हवी होती तीच. सरप्राइज म्हणे! मापं घेताना गाडी रिकामी होती. दाजी असते तर त्यांनी आधी ताईच्या तांदळाची वीस-वीस किलोची पोती मागच्या सीटवर ठेवली असती, गाडी खाली बसू दिली असती, मग फूटपट्टी लावली असती.

रविवारी सकाळी चाकं चढवली आणि दाजींना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. ऊन होतं, वारा नव्हता. अंगावर शाल, पायांत मोजे आणि वर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. त्यांनी बराच वेळ मागच्या चाकाकडे पाहिलं. मी दार उघडून धरलं होतं. म्हणाले, "झकास दिसतायत. पण आज दमलोय रे. पुढच्या रविवारी जाऊ." मी म्हणालो, हो दाजी. सोमवारी मी आणि ताई गाडी घेऊन गल्लीत निघालो, तर ड्राइव्हवेवरून उतरतानाच मागून कर्र आवाज आला. मी गाडी तशीच मागे घेतली. बुधवारी भेटायला गेलो तर त्यांनी हळूच विचारलं, चालवलीस का? लोण्यासारखी चालते, मी म्हणालो. ते हसले. ती शेवटची भेट. गुरुवारी ते झोपलेले असताना चाकं काढून माझ्या गाडीत टाकली आणि शुक्रवारी दुकान गाठलं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी ताईने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हणाली, तुला सांगायचं नाही असं म्हणाले होते, पण माझ्या पोटात राहत नाही. त्या रविवारी ते दमलेले नव्हते. सकाळी उठून दाढी करून घेतली होती, गाडीत बसायचं म्हणूनच. आत आल्यावर तिला म्हणाले, "मागचे टायर घासणार. मी बसलो असतो तर त्याला तिथेच कळलं असतं."

मला आधी रागच आला. अजून येतो. दाजी, एक शिवी हासडली असती तर काय बिघडलं असतं हो? गाढवा, चुकलास, काढ ती चाकं... आयुष्यभर दुसरं काय बोलत होतात मला?

गेल्या शनिवारी ताईने गॅरेज उघडून दिलं. कोपऱ्यातल्या पोलादी रिम काढल्या, त्यांच्यावरची धूळ पुसली, गाडीला लावल्या. मग दोघं बसलो. पुढची सीट तिने मोकळी ठेवली, स्वतः मागे बसली, शेजारी तांदळाचं पोतं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. कुठेही घासलं नाही. ताई म्हणाली, छान चालते रे. मी घड्याळ बघत होतो. चारही चाकं बसवायला मला एकट्याला पाऊण तास लागला होता. त्या रविवारी दाजी तासभर उन्हात बसले होते; तेवढ्यात या रिम चढल्या असत्या.