सहावा प्रश्न विचारणारे मुरलीधरसर

मुरलीधरसरांची नि माझी ओळख असोद्याला, आमच्या ओट्यावर झाली. "सालदारकी केलेलं कोणी हयात आहे का?" असं विचारत ते स्कूटरवरून गावभर फिरले. चुकार गाय कोंडवाड्यात धाडावी तसं लोकांनी त्यांना माझ्याकडे धाडलं. मी घाबरलो. वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबलेल्या, चौथी शिकलेल्या माणसाकडे प्राध्यापक येतात म्हणजे काहीतरी भानगड असणार, असंच वाटलं.

सर जळगावच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवत. काम चांगलं की वाईट हे ठरवायला त्यांच्या शास्त्रात पाच प्रश्न आहेत. कामाला नाना कसब लागतं का, ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्याच हातून होतं का, कोणाच्या उपयोगी पडतं का, आपल्या बुद्धीने करता येतं का, आणि नीट झालं की बिघडलं हे कामच सांगतं का. सरांनी मला वर्गात खुर्ची देऊन हे सगळे विचारले. मी खरं ते सांगत गेलो. नांगरटीपासून केळीचा घड उतरवेपर्यंत सारं मीच करायचो; पाणी कमी पडलं तर पान बघूनच कळायचं. फळ्यावर सालदारकीला भरपूर गुण पडले. धुळ्याकडचा एक विद्यार्थी ओरडला, "सर, हाई काम ते आमना नोकरीपेक्षा चांगलं शे!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांमुळे मला अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी पिंप्राळ्याला सरांच्या घरी गेलो.

"सर, ते गुण कमी करा. पोरं म्हणतील, सालदारकी बरी होती."

"का हो आबा? खोटं सांगितलंत की काय?"

"खोटं नाही. पण एका आखाजीले, अक्षय्य तृतीयेले, साल धरलं की दुसऱ्या आखाजीपर्यंत सुटका नाही. माझी माय बोदवडले वारली, तवा मालक म्हणे, घड उतरव अन् मग जाय. मी पोहोचलो तं अग्नी देऊन झाला होता."

सरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "हा सहावा प्रश्न मला ठाऊक होता. विचारला तर मलाही उत्तर द्यावं लागेल, म्हणून टाळत आलो."

पुढच्या तासाला त्यांनी मला पुन्हा बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'हे काम सोडून जाता येतं का?' मी म्हटलं, "नाही." तोच विद्यार्थी म्हणाला, "अन् सर, तुमचं?"

सर म्हणाले, "मी तासिकेवरचा माणूस. माझी आखाजी जूनमध्ये. सोडता येतं, पण जायला जागा नाही." वर्ग आधी हसला.

सर जन्मभर तसेच राहिले. दर जूनला बोलावणं यायचं, आणि शिकवतील तेवढ्याच तासांचा पगार. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांनीच मला स्कूटरवर नेलं, दिवसभर थांबले. त्या दिवसाचे तास बुडाले हे मला फार नंतर, तेही दुसऱ्याकडून कळलं.

यंदा सरांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि जूनमध्ये बोलावणं आलं नाही. कायम नसलेल्याला निरोप समारंभ नसतो, म्हणून विद्यार्थ्यांनी हा अंक काढला. त्यात माझं लिहिणं शोभेल की नाही, याचीही धास्ती आहे.

परवा भेटलो तेव्हा म्हटलं, "सर, तब्येतीले जपा."

ते म्हणाले, "जपतो. पण सकाळी उठून करू काय, तेवढं सांगा, आबा."

 तेव्हापासून देवाकडे मागतो: सरांना उदंड, निरोगी आयुष्य दे, आणि रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघावं असं एक ठिकाणही दे.