चाचींच्या घरचं अंतराळ

कोणत्या ग्रहावरचं पाणी पिण्यालायक आहे, कुठली जमात दिलेल्या शब्दाला जागत नाही आणि अंतराळयानाचं इंजिन कुरकुरू लागलं की कुणाला हाक मारायची, हे सगळं अख्ख्या वडगाव मावळात एकट्या आमच्या शेजारच्या चाचींना ठाऊक आहे. चाचींचा धंदा बांगड्यांचा. आठवड्यातले निम्मे दिवस त्या बांगड्यांचं बोचकं घेऊन एसटीनं आंदर मावळातल्या गावांना फिरतात. पण पृथ्वी सोडून नवी जमीन शोधायला निघालेल्या माणसांची ती हिंदीत बोलणारी मालिका संध्याकाळी लागायच्या आत त्या काहीही करून घरी पोचायच्या. एसटी चुकली तर दुधाच्या टेम्पोत बसून यायच्या. आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट बांगड्या भरता भरता गावोगाव सांगायच्या, कारण तिकडं विजेचा भरवसा नाही. बाईनं हात ताठ धरला की काच टिचते. यान उल्कांच्या माऱ्यात सापडलं की ऐकणारीचा हात आपोआप सैल पडायचा आणि तेवढ्यात बांगडी मनगटात. एक हात भरून झाला की गोष्ट थांबायची. उरलेली ऐकायची तर दुसरा हात पुढे करावा लागे.

मालिका बघतानाही त्यांच्यातली बांगडीवाली जागी असायची. यान उतरू लागलं की त्या टीव्हीला बजावायच्या, आधी पाण्याची सोय बघा, मग बाकीचं. एका ग्रहावरच्या बायकांना चार-चार हात निघाले आणि चारही मोकळे, तेव्हा चाची जेवणापर्यंत गप्प होत्या. इतकं चांगलं गाव आपल्या फेरीत नाही याची हळहळ त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

मी लोणावळ्याच्या कॉलेजात शिकवतो, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. माझं मत असं, की अंतराळ बघावं तर थेटरात. तो अंधार, तो पडदा, तो छातीत घुमणारा आवाज. घरातल्या टीव्हीवर, वर ठेवलेल्या प्लास्टिकच्या फुलांखाली अंतराळ बघायचं म्हणजे समुद्र तांब्यात बघायचा. चाचींना हे मुळीच मान्य नव्हतं. थेटरवाले सगळं एका बैठकीत उरकतात, माणसाला काळजी करायला वेळच देत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार. एकदा मी फारच ताणलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, थेटरात आपुन त्येंच्याकडं जातो, नटूनथटून, जावयासारखं. घरात ते आपल्याकडं येत्यात, रोजच्या रोज. रोज येनाऱ्याचा जीव लागतो."

या वादात खाटेवरचे चाचा चांगल्या हाताचं बोट वर करून चाचींच्या बाजूनं मत द्यायचे. चाचांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. लकव्यानं अर्धं अंग गेलं, वाचाही बरीचशी गेली. मालिकेतला म्हातारा इंजिनवाला हा त्यांचा खास माणूस. तो पाना घेऊन नट आवळू लागला की इकडे चाचांचं मनगटही वळायचं. डॉक्टर आताशा 'बरं वाटेल' म्हणत नव्हते, 'खूश ठेवा' म्हणत होते.

आणि ऐन रंगात आलेली मालिका बंद झाली. यान अजून अधांतरीच होतं. पुढची गोष्ट आता मोठ्या पडद्यावर, एका सिनेमात पुरी होणार असं जाहीर झालं. चाचींनी ही वाईट बातमी आंदर मावळात नेली आणि तिथं भलताच घोटाळा झाला. बांगडीच्या धंद्यात फुटली, संपली असलं अशुभ बोलत नाहीत. बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायचं. त्या सवयीनं चाची सांगून आल्या, की मालिका वाढवली. आता टीव्हीवरच्या मालिका कशा वाढवतात हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? बायका खूश झाल्या, एकीनं चाचींना चहा पाजला, आणि पुढच्या फेरीला सगळ्या उल्हासानं हात पुढे करून बसल्या.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळ झाली की चाचा बंद टीव्हीकडे बघत एकच शब्द काढायचे, "जहाज?" त्यांना खुर्चीत अर्धा तासही बसवत नव्हतं, थेटर कुठलं? चाचींनी मला विचारलं, तो सिनेमा टीव्हीवर कधी येईल. मी म्हटलं, येईल की, काही महिन्यांनी. त्या म्हणाल्या, "आन् तवर?" थेटरच्या बाजूनं मी इतकी वर्षं बोललो होतो, पण त्या दिवशी मला थेटरचा राग आला.

शेवटी मी चाचींना चिंचवडच्या थेटरात घेऊन गेलो. माझी बायको चाचांपाशी बसली. चाचींनी चपला काढून पाय वर घेतले. पडदाभर यान आलं तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "येवढं मोठं हाय व्हय हे? घरी कळलंच न्हाई." मी जिंकलो होतो, पण त्यांचं पुढचं वाक्य होतं, "ह्येंना दाखवाया पायजे व्हतं." सिनेमाच्या शेवटी सगळी माणसं नव्या जमिनीवर सुखरूप उतरतात. त्यांना उतरता यावं म्हणून इंजिनवाला एकटा यानात मागे राहतो आणि यानाबरोबर जळून जातो.

त्या संध्याकाळी चाचींनी खाटेशी बसून चाचांना सिनेमा सांगायला घेतला. यान उल्कांत शिरलं आणि चाची उठल्या, "बाकीचं उद्या." मला वाटलं, दोन-तीन दिवसांत उरकेल. पण आठवडे गेले, यान उतरायचं नाव घेईना. मधली भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू यायचं. थेटरात मी न पाहिलेले ग्रह येऊ लागले, त्यांना आंदर मावळातल्या गावांचे रस्ते आणि तिथल्या बायकांची भांडणं मिळाली. इंजिनवाल्यानं मध्येच लेकीचं लग्नसुद्धा केलं. चाचा रोज संध्याकाळची वाट बघू लागले, जेवू लागले. मी विचारलं, चाची, शेवटाचं काय करणार? त्या बांगड्या पुसत म्हणाल्या, "आमचं जहाज अजून तितवर आलं न्हाई."

गेल्या रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. चाची फेरीवर होत्या, चाचांपाशी मी बसलो होतो. मी टीव्ही बंद करायला घाईनं रिमोटकडे हात नेला, तर चाचांनी तो आपल्या चांगल्या हाताखाली दाबून धरला. त्यांनी सगळा सिनेमा बघितला. इंजिनवाला जळाला तेही बघितलं. नावं वर सरकू लागली तेव्हा त्यांनी स्वतःच टीव्ही बंद केला. मला घरी जावंसं वाटेना.

संध्याकाळी चाची आल्या, हातपाय धुऊन खाटेशी बसल्या. "तर इंजिनवाला काय म्हनला," त्यांनी सुरू केलं, "हितलं पानी खारं हाय, हितं न्हाई उतरायचं." चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मान चाचींकडे वळवली आणि कष्टानं, पण अगदी स्पष्ट, म्हणाले, "मग?"

चाची पुढे सांगू लागल्या.