पाय टेकव, रेटू नको

कळंबच्या अलीकडच्या एका वाडीत भिवाजी राहत असे. नांगरणीला, लावणीला, झोडणीला तो चारचौघांसारखाच होता. त्याचा डावा पाय मात्र तसा नव्हता. भिवाजी पायाळू होता. जन्मताना त्याचे डोके नव्हे, पाय आधी बाहेर आले होते, आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, हा त्या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. लढाईची वर्षे होती, रॉकेल रेशनवर मिळत होते, पण उसण भरायची ती भरतच होती. भिवाजी सकाळी पडवीत येई तेव्हा कोणी ना कोणी कमरेवर हात ठेवून ओट्यावर वाट बघत असे.

लहानपणी त्याला पाय द्यायला त्याच्या आईने, अंबाबाईने शिकवले होते. माणूस पालथा झोपायचा, भिवाजीने अनशापोटी पाय धुऊन यायचे आणि दुखत्या जागेवर तळवा नुसता लावायचा. आई शेजारी उभी राहून म्हणायची, "टेकव रं बाबा. रेटू नको. ते काय भात मळायचं हाय?" वीज कडाडली की हीच आई त्याला माचाखाली बसवायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. तिच्या लेखी त्या पायाचे कौतुक कमी, काळजीच जास्त होती.

आई गेली आणि पाय भिवाजीच्या एकट्याच्या हाती आला. मग एकदा चौक गावचा बुधाजी आला. बुधाजी बैलांचा दलाल, तोंडाळ आणि हसरा. भिवाजीने पाय टेकवला तसा तो पालथ्या पालथ्याच म्हणाला, "कोण चाललं रं पाठीवरनं? मांजर का?" पडवी हसली. भिवाजीचे कान तापले. त्याने अंगाचा भार पायावर टाकला, बुधाजीच्या पाठीत कट्‌कन वाजले, आणि बुधाजी उठून बसला तो ओरडतच, "निघाली! ही बघा निघाली!" त्या दिवसापासून आवाज आला तरच उसण निघाली, असे लोकांनी ठरवले. आणि आवाज काढायचा, हे भिवाजीने.

या घरात येसूबाई होती. भिवाजीच्या थोरल्या भावाची, आबाजीची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा भिवाजी एवढासा होता. त्याला कडेवर घेऊन ती पाणवठ्यावर जायची, खेळून दमला की त्याचे पाय चेपायची. रीतीप्रमाणे सासूला ती आत्याबाई म्हणे, आणि भिवाजी मोठा झाल्यावर लोकांसमोर त्याला भावोजी. घरात कोणी नसले की मात्र तो भिवाच असे.

भिवाजीचे लग्न झाले त्याच्या आसपास येसूबाईची बोटे सुजायला लागली. सकाळी उठले की हात लाकडासारखे. मूठ वळायची नाही, लुगड्याची निरी धरता यायची नाही. ऊन चढले की थोडे सैल पडायचे. मग मनगटे धरली, गुडघे धरले. शेक झाले, लेप झाले, अंगारे झाले. हळूहळू बोटे एका बाजूला कलली, वाऱ्याने भात कलावे तशी. भाकरी थापताना तिच्या हातून तुटू लागली.

मग लोकांच्या डोळ्यांत एक शब्द दिसू लागला. तो कोणी तोंडाने उच्चारला नाही. एका बारशाला येसूबाई पंगतीत बसली आणि शेजारच्या बायकांनी आपापली पाने हळूच सरकवून घेतली. येसूबाईने ते पाहिले आणि पोट दुखतंय म्हणून उठून आली. तिला महारोग नव्हता, पण वाकडी बोटे पाहून लोक दुसरा विचार करत नाहीत.

त्याच सुमाराला भिवाजीच्या धाकट्या बहिणीला, इंदूला, बघायला पाहुणे यायचे ठरले. आबाजी गप्प राहणारा माणूस. बोलायचे काम भिवाजीवर आले. तो माजघराच्या दारात उभा राहून जमिनीकडे बघत म्हणाला, "वैनी, पावणे येनार हायत. तेवढं... जरा आत बसशील?"

"बसते की," येसूबाई म्हणाली. "त्यात काय."

इंदूचे लग्न झाले, तिला मुले झाली. येसूबाईला बाहेर ये म्हणायचे मात्र राहून गेले. मुद्दाम कोणी कोंडले नाही, दाराला कडी नव्हती. ती माजघरात तांदूळ निवडी, वाती वळायचा प्रयत्न करी. भिवाजीची बायको सोनुबाई तिला ताट नेऊन देई. माजघराला खिडकी नव्हती. कौलातल्या एका फटीतून उन्हाचा एक पट्टा दुपारी भिंतीवर यायचा आणि जायचा. वर्षे अशीच गेली.

एका सकाळी तांब्या उचलताना येसूबाईच्या पाठीत कळ आली. ती भिंतीला धरून तशीच उभी राहिली. सोनुबाईने बाहेर येऊन सांगितले, तेव्हा पडवीत बुधाजी बसला होता, आणखी चार माणसे होती. बुधाजी म्हणाला, "अरं, घरात डागदर आन्‌ वैनीला दुखतंय? आन त्यांना भायेर."

आबाजी आणि सोनुबाईने धरून तिला पडवीत आणले. ती डोळे मिचकावत होती. एवढ्या उजेडाची तिला सवय राहिली नव्हती. घोंगडीवर पालथे होताना तिने बोटे पदराखाली घेतली, आणि भिवाजी जवळ आला तसे हलकेच म्हणाली, "आत्याबाई सांगायच्या तसा टेकव."

भिवाजीने ते ऐकले होते. त्याने पाय धुतले, पंच्याने पुसले. चार माणसे बघत होती. बुधाजी मान पुढे काढून कान देऊन बसला होता. भिवाजीने पाय टेकवला आणि रेटला.

आवाज आला.

"निघाली!" बुधाजीने मांडीवर थाप मारली.

भिवाजीच्या तळव्याला मात्र काही वेगळे कळले होते. सांधा वाजला की पायाखाली काहीतरी सुटते. इथे काहीतरी आत बसले. वाळक्या गोवरीवर पाय पडला की ती आधी सोसते आणि मग एकदम दबते, तसे. त्याने पाय उचलला. येसूबाईचा चेहरा घोंगडीत होता. खांदे एकदा थरथरले. मग तिने मान वळवली, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "बरं वाटलं, भावोजी."

लोक खूश झाले. सोनुबाईने चहा ठेवला. भिवाजीने तो प्यायला, पण चव कळली नाही.

त्यानंतर येसूबाई उठून बसेना. कूस बदलायची तर पदर तोंडात धरी. रोज सकाळी आबाजी विचारी, "उसण तर निघाली, मग आता काय दुखतंय?" ती म्हणे, "माझा जुनाच वात." भिवाजी माजघराच्या दारापर्यंत येई, चौकटीला हात लावी आणि गोठ्यात निघून जाई. बैलांना दोनदा वैरण पडू लागली.

शेवटी आबाजीनेच गाडी जुंपली. गाडीत पेंढा जाड पसरला, वर गोधड्या घातल्या. भिवाजी गाडीत बसला नाही. कर्जतपर्यंत तो बैलांच्या पुढे चालत गेला आणि चाकोरीतले दगड उचलून बाजूला टाकत राहिला. वाटेत कोणीतरी ओळखीचे म्हणाले, "काय रं पायाळू, रस्ता बांधतोस का?" त्याने वर पाहिले नाही.

कर्जतच्या डॉक्टरांनी पाठीवर नुसती बोटे फिरवली आणि मुंबईच्या इस्पितळात पाठीचा फोटो काढून आणायला सांगितले. गाड्या बदलत, झोळी करून त्यांनी येसूबाईला नेऊन आणले. फोटो घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांपुढे बसले, तेव्हा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"हे बघा, आबाजी. धडधाकट हाड फोटोत पांढरं येतं. यांचं कसं दिसतंय?"

"धुकं पडल्यासारखं," आबाजी म्हणाला.

"तसंच. आणि हा मणका बघा, वरच्या आणि खालच्याच्या मध्ये चेपलाय. मोडलाय तो." त्यांनी येसूबाईची बोटे आपल्या हातात घेतली. किती वर्षांत परक्या माणसाने ती बोटे अशी बिनदिक्कत हातात घेतली नव्हती. "हा महारोग नव्हे. कोणी म्हणालं असेल तर सांगा त्याला, डॉक्टर म्हणाले नव्हे. हा सांध्यांचा वात आहे. पण तो सांध्यांवर थांबत नाही. हाड काही दगड नव्हे, जिवंत असतं. रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. या आजारात झीज चालू राहते आणि भर मागे पडते. वाशाला भुंगा लागतो ना? बाहेरून वासा दिसतो, आत पीठ झालेलं असतं."

डॉक्टरांनी फोटो टेबलावर ठेवला.

"पडला होतात का? पाठीला काही मार?"

भिवाजी दाराशी उभा होता. त्याने तोंड उघडले. त्याच्याआधी येसूबाई म्हणाली, "शिंकले व्हते. जोरात."

"होतं. अशा हाडाला शिंकही पुरते," डॉक्टर म्हणाले, आणि औषध लिहू लागले. भिवाजीचे तोंड मिटले. येसूबाईने त्याच्यासाठी सुटकेचे दार उघडून दिले होते आणि तो त्यातून बाहेर पडला होता. हे त्याला त्याच क्षणी समजले, आणि तरी तो गप्प राहिला.

"आणखी एक," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "बाई उन्हात येत नाहीत का? अंग बघा, अंधारात फुटलेल्या कोंबासारखं पांढरं पडलंय. चालणं नाही, ऊन नाही, तर हाड भरणार कसं? किती वर्षं आत आहेत?"

आबाजीने भिवाजीकडे पाहिले. रागाने नव्हे, नुसते उत्तर त्याच्याकडे आहे म्हणून. भिवाजीला आठवला तो माजघराचा दरवाजा, आणि "तेवढं जरा आत बसशील?" हे आपलेच शब्द. पाय एकदाच रेटला होता. पण त्याच्या खूप आधी, रोज थोडा थोडा, तो रेटला जातच होता.

डॉक्टरांनी सांगितले, सपाट फळीवर झोपायचे, बरे वाटू लागले की थोडे थोडे चालायचे, सकाळचे ऊन घ्यायचे, दूध, सुकट, आणि माशाचे एक घाण वासाचे तेल. येसूबाई ते तेल नाक धरून पिई आणि म्हणे, "यापेक्षा उसण बरी." रोज सकाळी भिवाजी आणि आबाजी तिला फळीसकट अंगणात आणत. शेवग्याची सावली सरकली की भिवाजी कामावरून येऊन फळी उन्हात सरकवी. तिच्याशी बोलत नसे. तिच्या तोंडाकडे बघतही नसे.

लोक पाय मागायला येतच होते. भिवाजी कधी म्हणे काटा मोडलाय, कधी म्हणे जेवून बसलोय. एक दिवस बुधाजी कोंडाणे गावच्या एका बाईला घेऊन आला. ती बाई, भागूबाई, कमरेतून वाकून चालत होती. तिचा नवरा सोबत होता, आजूबाजूचेही दोघेतिघे जमले.

"आज काय सबब नाय चालायची," बुधाजी म्हणाला. "लांबनं आलीत मानसं."

"मी पाय देत नाय आता."

"का रं? भाव वाढला का?"

भिवाजीने एकदा अंगणातल्या फळीकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. "वैनीचं हाड माझ्या पायाखाली मोडलं," तो म्हणाला. "शिंकेनं नाय. मी रेटलं."

बुधाजी मोठ्याने हसला. "कायतरीच! मी बसलेला नव्हतो का हितं? माझ्या कानानं ऐकली उसण निघाल्याली. वैनी सोता बोलल्या, बरं वाटलं. मानूस किती गरीब हाय बघा, भागूबाई, पायात गुण हाय तरी सांगायला लाजतो."

सगळे हसले. भिवाजी तिथेच उभा राहिला. आजवर न सांगण्याची लाज होती, आता सांगूनही ती तशीच अंगाला चिकटून राहिली. वर लोक तिला त्याचा चांगुलपणा म्हणत होते.

"भिवा खरं सांगतोय."

आवाज फळीवरून आला. लोकांसमोर ती त्याला भिवा म्हणाली होती. येसूबाईने वाकडी बोटे पदराबाहेर काढून छातीवर ठेवली होती, सगळ्यांना दिसतील अशी. "हाड मोडलं ते मला कळलं. त्याला पन कळलं. तुमी हसत व्हता, मग मी म्हनलं बरं वाटलं. आन्‌ त्या डागदरालाबी मीच खोटं सांगितलं." ती थांबली. दम लागला होता. "त्याचं एकट्याचं नाय, बुधाजी. तुमाला आवाज पायजे व्हता."

बुधाजीने टोपी काढली, पुन्हा घातली. भागूबाईचा नवरा म्हणाला, "चल गं, जाऊ." पण भागूबाई जागची हलली नाही. ती त्या वाकड्या बोटांकडे बघत होती.

"तिला तशीच पाठवू नको," येसूबाई म्हणाली. "टेकव. रेटू नको."

"वैनी, माझ्यानं नाय व्हायचं."

"आत्याबाई असत्या तर तुला काय सांगत्या?"

भिवाजी विहिरीवर गेला, पाय धुतले. पंच्याने नीट पुसले. भागूबाई घोंगडीवर पालथी झाली. त्याने डावा पाय उचलला आणि तिच्या कमरेला नुसता लावला, भार सगळा उजव्यावर, कुडाचा वासा एका हाताने धरून. आवाज झाला नाही. पाय खाली आला.

भागूबाईने मान वर करून विचारले, "एवढंच?"

"एवढंच," येसूबाई उन्हातून म्हणाली.

भिवाजीने खाली बघत घोंगडी उचलली, झटकली. शेवग्याची सावली फळीच्या कडेपर्यंत आली होती. त्याने वाकून फळी हळूच उन्हात सरकवली.