माइक माझ्याच हातात होता

वहिनींनी माझ्या आईचा हात मनगटाला धरून वर उचलला आणि माइकवर म्हणाल्या, "बघा, सगळ्यांनी बघा. याला म्हणतात अस्वच्छता."

माइक माझ्या हातात होता. वहिनींच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या मिसेसच्या, एका हातात आईचं मनगट, दुसऱ्या हातात साबण. म्हणून माइक त्यांच्या तोंडापुढे मी धरला होता. आवाज नीट यावा म्हणून थोडा जवळही नेला. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

ती माझी आई आहे हे क्लबातल्या एकालाही माहीत नव्हतं. समोर बसलेल्या सगळ्या गावाला माहीत होतं. आणि सगळं गाव गप्प होतं.

मी तेव्हा धाटावला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. अजून आहे, निदान आज तरी. रोह्यात भाड्याची खोली, कंपनीची बस, शिफ्ट. कायम व्हायची होते. ज्यांच्या सहीनं मी कायम होणार ते आमचे मोठे साहेब त्या वर्षी रोह्यातल्या एका समाजसेवी क्लबाचे प्रेसिडेंट होते. मला एकदा केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "क्लबात ये. चांगली माणसं भेटतील." ज्याच्या हातात आपली भाकरी असते तो 'ये' म्हणाला की जायचं असतं. मी गेले.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रोह्यात हॉलवर मीटिंग. मला त्यांनी बुलेटिन, म्हणजे क्लबाचं बातमीपत्र, लिहायला दिलं, कारण माझं मराठी म्हणे स्वच्छ. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, कोण काश्मीरला जाऊन आलं, कुणाचा मुलगा परदेशी गेला, झाडं कुठे लावली, चष्मे कुठे वाटले. सगळं मी लिहायची. माझी बातमीही मीच लिहिली होती. 'आमच्या नव्या सभासद, मूळच्या पेणच्या.' एकजण लगेच म्हणाले, "पेणच्या? म्हणजे हमरापूरला ओळख असेल. यंदा गणपती स्वस्तात मिळवून द्या बुवा." सगळे हसले, मीही हसले. माझा जीव भांड्यात पडला. पेण म्हटलं की लोकांना गणपती दिसतो. पेणच्या पुढं खाडी आहे, खाडीच्या काठाला खारेपाट आहे, तिथं मिठागरात माणसं राबतात, हे कुणी विचारत नाही. तालुका पेणच, म्हणजे खोटं काही नव्हतं. अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

लपवायचं कशाला, असं विचाराल. कॉलेजात हॉस्टेलला पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीनं तिचे कपडे माझ्या कपाटातून काढून नेले. म्हणाली, "तुझ्या कपड्यांना खाजणातल्या चिखलाचा वास येतो." मी तीनदा धुतले. वास येत नव्हताच. तेव्हापासून मला भीती बसली ती बसलीच. बोलताना 'नाय' तोंडातून निसटेल म्हणून मी आधी मनात वाक्य म्हणून बघायची. नोकरी लागल्यावरसुद्धा.

आणि एका मीटिंगला साहेबांनी जाहीर केलं, "या महिन्याचा आपला प्रोजेक्ट, हात धुवा. पेणच्या क्लबासोबत. गाव ठरलंय." आणि त्यांनी माझ्या गावाचं नाव घेतलं.

 समोर ताटात पुलाव होता, घास गिळवेना. साहेब म्हणाले, "सूत्रसंचालन आपल्या मॅडम करतील. पेणच्याच आहेत." टाळ्या झाल्या.

त्या आठवड्यात मला झोप नव्हती. एकच गोष्ट डोक्यात. आई धावत येईल, 'बाय माजी आली' म्हणून सगळ्यांसमोर गालावरून हात फिरवील, आणि साहेबांना कळेल. कळलं तर काय होईल? आज विचारलंत तर धड सांगता येणार नाही. नोकरीवरून काढतील असं थोडंच आहे. पण भीतीला कारण सांगता येत नाही, ती नुसती असते. शेवटी मी शेजारच्या काकींच्या फोनवर फोन केला. आई आली. मी म्हटलं, "आय, रविवारी तिथं क्लबची माणसं येणार आहेत. मी पण आहे. तू येऊ नको."  वर म्हटलं, "माझे साहेब आहेत गो त्यांच्यात."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. का म्हणून विचारलंही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

रविवारी देवळापुढं मांडव घातला होता. मागं बॅनर, त्यावर फेसानं भरलेले गुलाबी हात. टेम्पोतून पिण्याच्या पाण्याचे मोठे जार उतरवले. टेबलावर दोन बेसिनं, साबणाच्या वड्या, नॅपकिन. समोर बाया, म्हातारी माणसं, पोरं. मी खाली बघतच माइकपाशी गेले. आता कुणीतरी हाक मारणार. आता. मी नमस्कार म्हटलं, पाहुण्यांची नावं घेतली, कुणी हाक मारली नाही. वर बघितलं तर काकी समोरच बसल्या होत्या. मला ज्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं त्या काकी. माझ्याकडे त्या अशा बघत होत्या, तलाठ्याकडे बघतात तसं. त्यांच्या मांडीवरची नात माझ्याकडे बोट दाखवायला लागली, तर काकींनी तिचं बोट मुठीत धरून खाली घेतलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आई घरोघर जाऊन सांगून आली होती. माझ्या पोरीला वळख दाखवू नका.

 तरी मी बोलत राहिले. जेवणाआधी, शौचाहून आल्यावर, वीस सेकंद. मग वहिनी उठल्या. वहिनी क्लबाच्या महिला विभागाच्या प्रमुखही होत्या. त्या म्हणाल्या, "प्रात्यक्षिक करू या. कुणीतरी एक ताई पुढे या." कुणी उठेना. वहिनी स्वतःच बायांमध्ये शिरल्या आणि मागच्या रांगेतून एकीला हाताला धरून घेऊन आल्या.

आई. आली होती. मी नको म्हटलं होतं तरी आली होती.

तिचा हात त्यांनी वर धरला. मिठागरात तीस वर्षं मीठ ओढलेला हात. तळव्याला भेगा, भेगांत काळं. ते काळं निघत नाही. घासून, खरवडून, कशानंच निघत नाही, कारण तो मळ नाही, चिरून चिरून भरून आलेलं कातडं आहे. वहिनींना हे ठाऊक असायचं कारण नाही. मला ठाऊक होतं. मी माइक धरून उभी होते.

"आजी, साबणानं हात धुता का तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

आई म्हणाली, "साबन हाय आमच्याकडं. पानी नाय. खाऱ्या पान्यात फेस व्हत नाय. आन् गोडं पानी चार दिसांनी येतं, त्ये पोरांना प्यायला द्याचं का हात धुवाचं?"

सरळ बोलली. आवाज चढवला नाही. बायांत कुजबुज झाली. वहिनी माझ्याकडे वळल्या, हसत, "काय म्हणतायत त्या? तुमच्याकडची भाषा आहे ना, तुम्ही सांगा."

मी बीएस्सी केमिस्ट्री. खाऱ्या पाण्यात साबणाचा चोथा का होतो ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. आई बोलली त्यातला शब्द न् शब्द मला कळला होता. साहेब पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होते.  मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "त्या म्हणतायत, आम्हाला माहीत नव्हतं. आता रोज साबणानं हात धुऊ."

टाळ्या. क्लबाच्या टाळ्या. गावातल्या एकानंही टाळी वाजवली नाही.

आईनं तेव्हा माझ्याकडे बघितलं. एकदाच. राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती घाबरली होती, माझ्यासाठी. मी पकडली जाते की काय म्हणून. मग तिनं मान खाली घालून दोन्ही हात बेसिनवर धरले. वहिनींनी साबण चोळला. भेगांत साबण गेला की आग होते, लहानपणी रात्री ती हातांना खोबरेल लावून फुंकर घालत बसायची. तिनं हूं की चूं केलं नाही. फोटो काढला. धुण्याआधीचा एक, धुतल्यानंतरचा एक. हात दोन्ही फोटोंत सारखेच आले.

कार्यक्रम संपला तेव्हा बायांनी बेसिनांतलं साबणाचं पाणी आपापल्या कळश्यांत ओतून घेतलं. भांडी धुवायला होतं ते. एक सभासद म्हणाले, "अहो, ते घाण पाणी आहे, टाका." कुणी ऐकलं नाही. तीन जार न उघडलेले राहिले होते. ते परत टेम्पोत चढले. आईनं ते चढताना बघितले, मग कळशी घेऊन निघून गेली.

परत येताना मी साहेबांच्या गाडीत मागं. वहिनी ओल्या टिश्यूनं हात पुसत होत्या. "शी बाई, किती खरखरीत," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू मात्र किती छान बोलतेस गं. वाटतच नाहीस इकडची."

मी म्हणाले, "थँक यू."

त्या दिवसात जे जे झालं त्यात हे थँक यू मला सगळ्यात जास्त जाळतं. खोटं बोलले ते भीतीनं. हे तर कुणी मागितलंही नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये पडद्यावर फोटो लावले. आईचा हात भिंतीएवढा. खुर्च्यांतून "अरे बापरे" असं आलं. हा प्रोजेक्ट बक्षिसाला पाठवायचा होता. साहेब म्हणाले, "मॅडम, अहवाल वाचा."

मी उठले.  पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसऱ्या ओळीत लाभार्थी महिलेनं समाधान व्यक्त केलं असं मीच लिहिलेलं होतं. ते वाचता येईना.  कुणीतरी पाणी पुढं केलं. ग्लास बघितला आणि मला काय झालं ठाऊक नाही.

मी म्हणाले, "हा हात माझ्या आईचा आहे."

माझाच आवाज मला परका वाटला. टेबलाला टेकून उभी होते. "तिनं समाधान व्यक्त केलं नाही. ती म्हणाली साबण आहे, पाणी नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं. हात मळके नाहीत तिचे. ते मिठानं फाटलेत."

कुणीतरी माइक बंद केला. साहेब जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भावुक होऊ नका मॅडम. तुम्ही आता आमच्यातल्या आहात." वहिनी पर्स उचलून बाहेर गेल्या. जेवण झालं. माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही.

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं. माझं कायम झाल्याचं पत्र टेबलावर होतं, सहीची जागा मोकळी. साहेब चिडले नव्हते, उलट समजावणीचा सूर. "बुलेटिनमध्ये चार ओळी लिही. गैरसमज झाला, भावनेच्या भरात बोलले, क्लबाची माफी मागते. संपलं. वहिनींना फार लागलंय."  मी बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

रविवारी गावी गेले. आईला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"लिव्हून दे माफी," म्हणाली. "मी सांगतंय ना. माजा हात धरला तं धरला. हात काय झिजला नाय."

"आय, तू का आली होतीस त्या दिवशी?"

"पान्याचे जार ठेवून जातील म्हनले व्हते. आन्..." ती थांबली. "माइकवर तू कशी बोलतंस त्ये कदी आयकलं नव्हतं. मागं बसलू व्हतू, दिसू नये असं."

मी रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "घाबरलीस?"

"व्हय."

"मी पन."

मी तिला म्हटलं, माफी लिहिणार नाय. ती बराच वेळ भांडली. नोकरी, खोलीचं भाडं, पोरीची जात, सगळं काढलं. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं, "माफी लिहिणार नाही." त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हणाले, "मग राजीनामा दे क्लबाचा."

"तोही देणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही काढा."

अजून काढलेलं नाही. काढायला कारण लिहावं लागतं आणि ते कुणाला लिहायचं नाही. लॅबमध्ये मला रात्रपाळ्या लागल्या आहेत. पत्र ड्रॉवरमध्येच आहे. 

क्लबाच्या नियमात एक आहे. सभासदाला मीटिंगला एक पाहुणा आणता येतो. सभासदानं उभं राहायचं, पाहुण्याचं नाव, गाव, काम सांगायचं, आणि पाहुण्याला दोन शब्द बोलू द्यायचे. येत्या शुक्रवारी मी आईला नेणार आहे. ती नाय नाय म्हणत होती, काल मात्र काकींच्या फोनवरून तिनं विचारलं, एसटी किती वाजता सुटते. मी तिचं नाव सांगेन, गाव सांगेन, मिठागर सांगेन, ती माझी कोण ते सांगेन. मग ती बोलेल, तिच्या बोलीत, आणि कुणी विचारलं काय म्हणतायत त्या, तर जे म्हणाली तेच सांगेन. माइक बंद केला तर मोठ्यानं सांगेन. मला भीती वाटते आहे, आताही, हे लिहिताना. त्या दिवशीही वाटेल. तरी मी जाणार.