डायरीत न लिहिलेलं कारण

हे सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. कुणी सुनेचा विषय काढला, की "पटलं नाही त्यांचं" एवढं बोलून मी सुटायचो.

मुलगा तिला मारायचा. मी पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायचो. शेवटी ती लेकीला घेऊन शिंदखेड्याला माहेरी गेली आणि तिनं कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार केली. त्यावर उतारा म्हणून मुलानं जळगावच्या कोर्टात मुलीला भेटण्यासाठी अर्ज लावला. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी अकरा वाजता आईनं मुलीला कोर्टात आणावं, असा आदेश झाला.

मुलगा यायचा, लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा, सही करून पाच मिनिटांत निघायचा. मला म्हणाला, "आबा, ती किती वाजता येते तेवढं लिहून ठेवा. कामाला येईल." मी निवृत्त शिक्षक. हजेरी घ्यायची सवय हाताला होतीच.

शिपाई हसायचा, "आबा, बापापेक्षा तुमचीच हजेरी जास्त."

एका शनिवारी ती सव्वाबाराला पोचली. मुलगा केव्हाच गेला होता. नात माझ्या गुडघ्याला टेकली. "आबा, पप्पा गयात का?"

सून धापा टाकत होती. "पारोळ्याजवळ एसटी बंद पडली, आबा. पोरगी सकाळपासून उपाशी आहे. तुम्ही सांगाल ना आत?"

मी मान हलवली. डायरीत लिहिलं : सव्वाबारा. वेळ खरी होती, कारण गाळलं.

त्या डायरीवर मुलानं नवा अर्ज केला : बाई मुद्दाम आदेश मोडते, मुलीचा ताबा बापाला द्या. साक्षीदार म्हणून मी सही केली. मुलगी जाईल या धास्तीनं तिनं मारहाणीची तक्रार मागे घेतली. मुलानंही अर्ज काढून घेतला. पुढच्या शनिवारी तो केळीच्या बागेत होता. लेकीला भेटायला तो पुन्हा कधी गेला नाही.

गेल्या वर्षी मी डायरी पिशवीत घालून शिंदखेड्याला गेलो. काय बोलायचं ते एसटीत घोकत होतो. सुनेनं दार उघडलं, पाणी दिलं आणि विचारलं, "गाडी वेळेवर मिळाली का, आबा?"

"मिळाली," मी म्हणालो. चहा पिऊन परत आलो.

घोकलेलं वाक्य एवढंच होतं : पोरी, त्या दिवशी उशीर का झाला ते मला ठाऊक होतं, तरी मी गप्प राहिलो, मला माफ कर.