ढिगात खुपसलेली सळई

कचरा डेपोच्या त्या आगीचा पंचनामा मी स्वतःच्या हाताने लिहिला. ज्यांच्यामुळे तो खरा उतरला त्या बाई गेल्या महिन्यात वारल्या, म्हणून आज पुन्हा लिहायला बसलो आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. डेपो दोन दिवस धुमसत होता, शेजारची वस्ती खोकत होती. डेपोच्या मुकादमाने खबर दिली, की आष्टीकडून आलेली एक कचरावेचक बाई तांब्यासाठी वायरी जाळते, आग तिचीच. झडतीत बाईंच्या पोत्यात तांब्याची तार मिळालीही. गुन्हा दाखल झाला असता तर त्यांना डेपोत पाऊल ठेवता आलं नसतं, आणि त्यांचं घर त्या वेचणीवरच चालत होतं.

महिला शिपायाला सोबत घेऊन मी त्यांच्या घरी जबाब घेतला.

"मावशी, तार कुठली?"

"सोलून काढलीय सायब. जाळल्यालं तांबं काळं पडतंय. हे बघा की."

तार लखलखीत होती. झडती मीच घेतली होती, आणि मला हे दिसलं नव्हतं.

"मग आग कशी लागली?"

"ढीग आतून तापतोय. मी रोज सकाळी सळई खुपसून ठिवते, काढून मनगटाला लावते. सोसत न्हाई तितं चिंधीची काठी रोवते. मुकादमाला म्हणलं, उकरू नका, वरून माती टाका. तर म्हणला, तू ढिगाची डाक्टर हाय का?"

पंच आणि बाईंना घेऊन आम्ही डेपोवर गेलो. नगरपालिकेच्या अभियंत्याने लांब दांडीचा तापमापक आणला होता. न पेटलेल्या भागात बाईंनी दोन तापलेल्या जागा दाखवल्या. दोन्हीकडे काटा सत्तर अंशांपुढे गेला. तिसरी "गार हाय" म्हणाल्या. तिथे चाळीसही भरले नाहीत. अभियंत्याने तापमापक पुसला आणि बाईंना हळूच विचारलं, "उद्या किती वाजता येता तुम्ही?"

चौकशीत मुकादम फार वेळ टिकला नाही. "जेसीबीनं उकरलं की वाफ निघून गार हुईल, असं वाटलं सायब. भडकाच उडाला. नोकरी जाईल म्हणून बाईचं नाव घेतलं." उकरल्यामुळे आतल्या धगीला हवा मिळाली होती.

बाईंचा जबाब मी साक्षीदार म्हणून नव्याने लिहिला. पुढच्या सगळ्या नोकरीत, संशयित असो की साक्षीदार, आधी त्याचं रोजचं काम विचारत गेलो. त्या दिवशी ठाण्यात जबाबावर अंगठा घेताना, बाईंनी डेपोवरून आणलेली टेबलावरची सळई मी मुद्देमालात धरणार होतो. बाई अंगठा पुसत म्हणाल्या, "ती ठिवू नका सायब. सकाळी लागंल."

मी तिचं माप लिहून घेतलं आणि सळई त्यांच्या हातात दिली.